हात नसलेले मतदान यंत्र: पक्षाची पाटी, गटाची निष्ठा आणि पक्षांतरबंदीचा कायदा

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कोल्हापूर उत्तर मतदारसंघात जे घडले, त्याचे कोडे अनेकांना अजूनही सुटलेले नाही. काँग्रेसने आधी राजेश लाटकर यांची उमेदवारी जाहीर केली, नंतर ती बदलून मधुरिमाराजे छत्रपती यांना दिली, आणि ४ नोव्हेंबरला, म्हणजे माघारीच्या शेवटच्या दिवशी, मधुरिमाराजेंनी अर्ज मागे घेतला. २०१९ ची निवडणूक आणि २०२२ ची पोटनिवडणूक काँग्रेसने जिंकलेल्या या मतदारसंघात त्यामुळे यंत्रावर ‘हात’ हे चिन्हच उरले नाही. मैदानात अपक्ष म्हणून राहिलेल्या लाटकरांनाच मग पक्षाने पाठिंबा दिला. त्यांचे चिन्ह होते प्रेशर कुकर. २० नोव्हेंबरला मतदान झाले, शिवसेनेचे राजेश क्षीरसागर निवडून आले आणि लाटकर हरले. मात्र ज्या कुकरचा काँग्रेसशी कधी काडीचा संबंध आला नव्हता, त्या कुकरला ८० हजारांहून अधिक मते पडली.

ही मते कोणाची मानायची? काँग्रेसची, लाटकरांची, की जिल्ह्यातील काँग्रेस नेत्याच्या गटाची? राजकीय पक्षाचे नाव ही मतदारासाठी नेमकी काय चीज आहे आणि निवडून आलेल्या आमदारावर त्या नावाचे कोणते बंधन असते, हे समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. पहिली बाब सवयीची आणि हिशेबाची आहे, दुसरी कायद्याची. आपल्याकडे या दोहोंची गल्लत होते आणि ‘लोकांनी पक्षाला मत दिले होते, आमदाराने गद्दारी केली’ किंवा ‘लोक माणसाला मत देतात, पक्ष कोण विचारतो’ अशी दोन टोकाची विधाने एकाच पारावर, कधी कधी एकाच माणसाच्या तोंडून, ऐकू येतात.

यंत्रावर पक्षाचे नाव नसते

मतदान कक्षात गेल्यावर यंत्रावर अनुक्रमांक, उमेदवाराचे नाव, त्याचे छायाचित्र आणि चिन्ह एवढेच दिसते. पक्षाचे नाव तेथे छापलेले नसते. छायाचित्रही २०१५ पासून आले, कारण एकाच नावाचे दोन-तीन उमेदवार उभे करून मते फोडण्याची युक्ती सर्रास वापरली जात होती. क्रमालाही नियम आहे. मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्यस्तरीय पक्षांचे उमेदवार आधी, नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे त्यानंतर आणि अपक्ष शेवटी असतात, आणि प्रत्येक गटात नावे वर्णानुक्रमे लावलेली असतात.

याचा अर्थ असा की आपल्याकडे पक्षाची ओळख चित्रातून होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते, म्हणून चिन्हांची पद्धत आली; साक्षरता वाढली तरी ती टिकली, कारण चित्र लक्षात राहते. चित्राची ही ताकद कधी कधी उलटतेही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शेजारच्या साताऱ्यात शरद पवारांच्या पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते आणि एका अपक्षाला नुसत्या तुतारीचे चिन्ह मिळाले होते. त्या अपक्षाने ३७,०६२ मते घेतली. उदयनराजे भोसले यांचा विजय ३२,७७१ मतांनी झाला. त्या अपक्षाची सगळीच मते चुकून पडली असे कोणी सिद्ध करू शकत नाही, पण हा आकडा पाहून चिन्हाला कमी लेखण्याचे धाडस होत नाही.

कोल्हापुरात पाटीखाली गट असतो

पक्षाची पाटी मतदाराचे एक काम सोपे करते. उमेदवाराचे सगळे विचार तपासत बसण्याऐवजी तो पाटी पाहून अंदाज बांधतो की हा माणूस सभागृहात साधारण कोणाच्या बाजूने हात वर करील. उमेदवार अनोळखी असेल तेव्हा ही सोय फार मोलाची ठरते. परंतु उमेदवाराला तीन पिढ्यांपासून ओळखणाऱ्या मतदाराला त्या पाटीची गरज किती?

कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखाना, दूध संघ, जिल्हा बँक आणि शिक्षणसंस्था यांच्या जाळ्यातून माणसे नेत्याशी जोडलेली असतात. उसाला तोड वेळेवर मिळणे, सोसायटीचे कर्ज मंजूर होणे, मुलाला नोकरी लागणे या गोष्टी पक्षाच्या प्रदेश कार्यालयातून होत नाहीत, तर गटातून होतात. ‘गोकुळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत हे अगदी जवळून दिसते. तेथे गायी-म्हशी पाळणारा प्रत्येक उत्पादक मतदान करीत नाही. गावोगावच्या प्राथमिक दूध संस्था ठराव करून आपला एकेक प्रतिनिधी ठरवतात आणि तो ठरावधारक मत देतो. म्हणून खरी लढाई मतदानाच्या दिवसाच्या कितीतरी आधी, संस्थेच्या सभेत ठराव कोणाच्या नावाने होतो येथेच लढली जाते. ‘आपल्याकडे किती ठराव’ या प्रश्नात पक्षाचे नाव कोठेच येत नाही. २०२१ च्या निवडणुकीत काँग्रेसचे सतेज पाटील आणि राष्ट्रवादीचे हसन मुश्रीफ एका बाजूला होते, तर काँग्रेसचेच पी. एन. पाटील हे महाडिक गटाबरोबर दुसऱ्या बाजूला. सतेज पाटील-मुश्रीफ यांच्या पॅनेलने २१ पैकी १७ जागा जिंकल्या. एकाच पक्षाचे दोन नेते समोरासमोर लढले म्हणून पक्षातून कोणी कोणाला काढले नाही, आणि मतदारांनाही त्यात वावगे वाटले नाही.

हे सहकारापुरतेच मर्यादित राहत नाही. २०१९ च्या लोकसभेला काँग्रेस आणि राष्ट्रवादीची आघाडी होती, राष्ट्रवादीचे उमेदवार धनंजय महाडिक होते, आणि तरीही सतेज पाटील गटाने ‘आमचं ठरलंय’ म्हणत शिवसेनेच्या संजय मंडलिकांचे काम उघडपणे केले. मंडलिक निवडून आले. महाडिक पुढे भाजपमध्ये गेले आणि २०२२ मध्ये राज्यसभेवर पोहोचले. हातकणंगले भागातील माने घराण्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. बाळासाहेब माने काँग्रेसचे खासदार, त्यांच्या सूनबाई निवेदिता माने राष्ट्रवादीच्या खासदार आणि नातू धैर्यशील माने शिवसेनेचे खासदार. घर एक, भाग साधारण तोच, पाट्या तीन.

कोल्हापूरच्या पेठांमधल्या, तालमींच्या नावाने संघ उतरणाऱ्या फुटबॉलशी हे ताडून पाहावे. हंगामाआधी एखादा गुणी खेळाडू एका तालमीतून दुसऱ्या तालमीत जातो, पण पेठेतला समर्थक त्याच्यामागे जात नाही. तो आपल्या तालमीच्या जर्सीबरोबर राहतो आणि कालच्या आवडत्या खेळाडूची आज हुर्यो उडवतो. आपल्या जिल्ह्याच्या राजकारणात याच्या नेमके उलटे घडते. खेळाडू जर्सी बदलतो आणि पेठच्या पेठ त्याच्याबरोबर चालू लागते.

मग पक्षाला काहीच किंमत नाही का?

असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. गटाची निष्ठा नेत्याला ठरावीक मतांपर्यंत पोहोचवते. त्यापुढची मते, विशेषतः शहरातली, कारखाना किंवा दूध संस्थेशी संबंध नसलेली मते, पाटीकडे पाहून पडतात. २०२४ च्या जून महिन्यात लोकसभेचे निकाल लागले तेव्हा शिंदे यांच्या शिवसेनेच्या धनुष्यबाणावर लढलेले संजय मंडलिक कोल्हापुरात काँग्रेसच्या शाहू छत्रपतींकडून हरले, तर त्याच चिन्हावर धैर्यशील माने शेजारच्या हातकणंगल्यात जिंकले. यावरून पाटी निरुपयोगी होती असे वाटेल. पण अवघ्या पाच महिन्यांनी विधानसभेला जिल्ह्यातील दहाच्या दहा जागा महायुतीकडे किंवा तिला पाठिंबा देणाऱ्यांकडे गेल्या. दहा मतदारसंघांतील दहा वेगवेगळे गट एकाच दिवशी एकाच दिशेला वळले, याचा उलगडा गटाच्या गणितातून होत नाही. राज्यभर वाहणारा वारा पाटीच्या वाटेनेच मतदारापर्यंत पोहोचतो.

पाटीशी जन्मभर एकनिष्ठ राहिलेली माणसेही याच मातीत झाली. शेतकरी कामगार पक्षाचे प्रा. एन. डी. पाटील १९८५ मध्ये कोल्हापुरातून विधानसभेवर गेले, त्याआधी ते राज्याचे सहकारमंत्रीही होते, आणि पक्ष आटत गेला तरी त्यांनी तो सोडला नाही. अशा माणसांचे आपण तोंडभरून कौतुक करतो. मते मात्र कारखान्याच्या अध्यक्षाला देतो, हेही मान्य केले पाहिजे.

निवडून आल्यावर निष्ठा कायद्याची बाब होते

निवडणुकीपर्यंत पक्ष बदलणे हा केवळ शोभेचा किंवा सोयीचा प्रश्न असतो. निवडून आल्यावर तो राज्यघटनेचा होतो. १९६७ मध्ये हरियाणातील गयालाल या आमदारांनी पंधरवड्याच्या आत तीनदा बाजू बदलली आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग देशभर रूढ झाला. त्या काळात अनेक राज्य सरकारे अशा उड्यांमुळे कोसळली. शेवटी १९८५ मध्ये राजीव गांधी सरकारने ५२ वी घटनादुरुस्ती करून घटनेला दहावी अनुसूची जोडली. तिलाच आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो.

या कायद्यानुसार पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या आमदाराचे सदस्यत्व दोन कारणांनी जाऊ शकते. एक, त्याने स्वेच्छेने पक्ष सोडला तर; आणि दोन, त्याने पक्षाच्या व्हिपविरुद्ध मतदान केले किंवा परवानगीशिवाय गैरहजर राहिला तर. व्हिप म्हणजे कोणत्या बाजूने मत द्यायचे याचा पक्षाने काढलेला लेखी आदेश. तो बजावणाऱ्याला प्रतोद म्हणतात. व्हिप मोडल्यावर पक्षाने १५ दिवसांत माफ केले तर सदस्यत्व वाचते. स्वेच्छेने पक्ष सोडणे म्हणजे राजीनामा देणेच नव्हे, सदस्याच्या वागणुकीवरूनही तसा निष्कर्ष काढता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये रवी नाईक प्रकरणात सांगितले. थोडक्यात, फुटबॉलच्या नोंदणीसारखेच. एकदा हंगाम सुरू झाला की मध्येच जर्सी बदलायची नाही.

हा निर्णय देण्याचा अधिकार विधानसभेच्या अध्यक्षांना आहे. १९९२ च्या किहोटो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार मान्य केला, पण त्यांच्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होऊ शकते हेही ठरवले. अडचण अशी की अध्यक्ष बहुधा सत्ताधारी पक्षाचेच असतात आणि कायद्यात निर्णयाची मुदत लिहिलेली नाही. साधारण तीन महिन्यांत निकाल द्यावा, असे न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात म्हटले आणि २०२५ मध्ये तेलंगणाच्या अध्यक्षांना तसा आदेशच दिला. महाराष्ट्रातील शिवसेनेच्या आमदारांच्या प्रकरणात २०२२ च्या उन्हाळ्यात सुरू झालेल्या वादाचा अध्यक्षांकडील निकाल १० जानेवारी २०२४ ला लागला. तोवर विधानसभेच्या मुदतीचे जेमतेम दहा महिने उरले होते.

एकटा गेला तर दोषी, घोळका गेला तर निर्दोष

मूळ कायद्यात विधिमंडळ पक्षातील एक तृतीयांश सदस्य फुटले तर त्याला ‘फूट’ मानून संरक्षण होते. म्हणजे ३० आमदारांच्या पक्षातून एक गेला तर अपात्र, दहा गेले तर सुरक्षित. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ही सवलत काढली. त्याच दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणून ठेवला, म्हणूनच २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह ४३ च मंत्री होऊ शकतात. आता उरली आहे ती विलीनीकरणाची वाट: दोन तृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्यास संमती दिली तर ते वाचतात. ३० पैकी २० लागतात. किरकोळ विक्रीला बंदी आणि घाऊक व्यापाराला मोकळीक असा हा प्रकार आहे, आणि माझ्या मते कायद्याचा सर्वांत कच्चा दुवा हाच.

२०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या बाजूच्या आमदारांनी ही वाटही धरली नाही. ते कोठेही विलीन झाले नाहीत. ‘आम्हीच मूळ पक्ष’ असा त्यांचा दावा होता. येथे दोन वेगळ्या दालनांत दोन वेगळे प्रश्न उभे राहिले. पक्षाचे नाव आणि चिन्ह कोणाचे, हे निवडणूक आयोग १९६८ च्या चिन्हविषयक आदेशानुसार ठरवतो. त्याने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना दिले. आमदार अपात्र आहेत का, हे अध्यक्ष ठरवतात. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात स्पष्ट केले की प्रतोद नेमण्याचा अधिकार मूळ राजकीय पक्षाचा आहे, केवळ आमदारांच्या गटाचा नाही. परंतु मूळ पक्ष कोणता हे अध्यक्षांनीच ठरवायचे होते. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे यांचा पक्ष हाच खरा असे ठरवले, आणि अपात्र मात्र दोन्हीकडच्या कोणालाही केले नाही. राष्ट्रवादीच्या बाबतीत आयोगाने ६ फेब्रुवारी २०२४ रोजी नाव आणि घड्याळ अजित पवारांना दिले.

कोल्हापूरपुरते बोलायचे तर राधानगरीचे प्रकाश आबिटकर शिंदे यांच्याबरोबर गेले, कागलचे हसन मुश्रीफ अजित पवारांबरोबर गेले, आणि २०२४ मध्ये दोघेही पुन्हा निवडून आले. मुश्रीफांविरुद्ध लढलेले समरजितसिंह घाटगे हे स्वतः भाजपमधून निवडणुकीच्या तोंडावर शरद पवारांच्या पक्षात आलेले होते. कागलच्या मतदाराला पक्षनिष्ठेच्या मुद्द्यावर मत द्यायचे म्हटले असते तरी ते कसे देणार?

‘फुटलेल्याला लोकच धडा शिकवतील’ हे खरे आहे का?

कायद्याची गरजच काय, लोक मतपेटीतून शिक्षा देतील, असे म्हणणारे बरेच आहेत. जवळचेच उदाहरण पाहू. २०१९ मध्ये कर्नाटकात काँग्रेस आणि जनता दलाच्या १७ आमदारांना अपात्र ठरवले गेले. त्यांत सीमेपलीकडचे कागवाड, अथणी आणि गोकाकचे आमदारही होते. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, मात्र त्यांना पोटनिवडणूक लढवू दिली. डिसेंबरमध्ये १५ जागांवर मतदान झाले आणि भाजपने त्यांपैकी १२ जिंकल्या. कागवाड, अथणी आणि गोकाकमध्ये तेच आमदार नव्या चिन्हावर परत आले. मतदाराने शिक्षा दिली नाही, याचा एक अर्थ असा की त्याने मूळ मत पक्षाला दिलेच नव्हते.

याच्या विरुद्ध बाजूचा आक्षेप अधिक गंभीर आहे. व्हिपमुळे आमदाराला स्वतःचे मत उरत नाही. ऊसदर, पाणी किंवा महापुराच्या मदतीविषयी आपल्या तालुक्याचे म्हणणे पक्षाच्या भूमिकेपेक्षा वेगळे असेल, तरी मतदानाच्या वेळी त्याला पक्षाबरोबर राहावे लागते. ब्रिटनमध्येही व्हिप असतो, पण तो मोडल्यास पक्ष कारवाई करतो, खासदारकी जात नाही. आपल्याकडे दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते की अपात्रतेची टांगती तलवार विश्वासदर्शक ठराव, अर्थविषयक विधेयके अशा सरकारच्या अस्तित्वाशी निगडित मतदानापुरतीच ठेवावी. मला ही सूचना पटते. सरकार पाडण्याचा सौदा रोखणे आणि आमदाराला प्रत्येक विधेयकावर गप्प बसवणे या दोन गोष्टी एका दोरीने बांधण्याचे कारण नव्हते.

चिन्हेच काढून टाकली तर?

ग्रामपंचायत आणि सहकारी संस्थांच्या निवडणुका आपल्याकडे पक्षचिन्हांशिवाय होतात. अमेरिकेतील नेब्रास्का राज्याचे विधिमंडळ १९३७ पासून एकाच सभागृहाचे आहे आणि त्याच्या मतपत्रिकेवर उमेदवाराचा पक्ष लिहिलेला नसतो. तरीही कोणता उमेदवार कोणत्या पक्षाचा, हे तेथे मतदारांना चांगलेच ठाऊक असते, जसे सरपंच कोणत्या गटाचा हे आपल्याला असते. पाटी काढली की निष्ठा संपत नाही. ती पाटीऐवजी दुसऱ्या खुणेला चिकटते. ‘गोकुळ’च्या निवडणुकीत पॅनेलचे चिन्ह तेच काम करते.

अपक्षाचे काय?

आता पुन्हा कुकरकडे वळू. लाटकर निवडून आले असते तर कायद्याच्या दृष्टीने ते अपक्ष आमदार ठरले असते. काँग्रेसने प्रचार केला, नेत्यांनी सभा घेतल्या, तरी काँग्रेसचा व्हिप त्यांना लागू झाला नसता. उलट त्यांनी नंतर काँग्रेसमध्ये रीतसर प्रवेश केला असता तर त्यांचीच आमदारकी गेली असती, कारण अपक्षाने निवडून आल्यावर कोणत्याही पक्षात प्रवेश केल्यास तो अपात्र होतो. पाठिंबा देण्यास मात्र आडकाठी नाही. शिरोळचे राजेंद्र पाटील-यड्रावकर २०१९ मध्ये अपक्ष निवडून आले, शिवसेनेला पाठिंबा देऊन राज्यमंत्री झाले, २०२२ मध्ये शिंदे यांच्याबरोबर गेले आणि यातले काहीही पक्षांतर ठरले नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. अपक्षाने ती कोणालाच दाखवायची नसते. जून २०२२ मध्ये कोल्हापूरचेच धनंजय महाडिक आणि संजय पवार सहाव्या जागेसाठी झुंजत होते तेव्हा अपक्षांचा भाव का वधारला होता, हे यावरून कळेल.

महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेसाठी १९८६ चा वेगळा राज्य कायदा आहे आणि त्याने कोल्हापूरसारख्या ठिकाणांची नाडी अधिक अचूक ओळखली आहे. त्यात पक्षाबरोबरच निवडणुकीसाठी बनलेली ‘आघाडी’ही धरली आहे. त्यामुळे ताराराणी आघाडीसारख्या स्थानिक आघाडीतून निवडून आलेला नगरसेवक अपक्षासारखा मोकळा नसतो. आघाडीचा व्हिप त्यालाही बांधतो. शिवाय अपात्रतेचा पहिला निर्णय तेथे महापौर किंवा नगराध्यक्ष देत नाहीत, तर महापालिकेच्या बाबतीत विभागीय आयुक्त आणि नगरपालिका व जिल्हा परिषदेच्या बाबतीत जिल्हाधिकारी देतात.